स्थायू, द्रव, वायू: तक्ता पाठ करायच्या आधी घरी काय काय करून बघायचं

सातवी-आठवीच्या आसपास प्रत्येक घरात एकदा तरी हा प्रश्न येऊन धडकतो, स्थायू, द्रव आणि वायू यांच्या गुणधर्मांची तुलना करा, मार्क पाच. मग आई नाहीतर बाबा पुस्तकातला तक्ता समोर धरतात, पोरगं तो घडाघडा म्हणून दाखवतं, स्थायूला ठरावीक आकार आणि ठरावीक आकारमान, द्रवाला आकार नाही पण आकारमान आहे, वायूला दोन्ही नाही, झालं, चला पुढचा धडा. आणि मग त्याच पोराला सहज विचारा की बाळा, रवा स्थायू का द्रव, तो पण डब्याचा आकार घेतो की. गाडी तिथंच अडते.

मी साताऱ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना संध्याकाळी शिकवते, सायन्स आणि गणित. सुरुवातीची दोन वर्षं मीपण तक्ताच पाठ करून घ्यायचे, खोटं कशाला बोलू. आता उलटं करते, आधी आठवडाभर स्वयंपाकघरात धिंगाणा आणि शेवटच्या दिवशी तक्ता, तो पण पोरांनी स्वतः भरायचा. ज्यांना आपल्या मुलांना घरी असं शिकवायचंय किंवा जे नव्यानं शिकवण्या सुरू करतायत त्यांच्यासाठी क्रमानं लिहितेय, माझ्या चुकांसकट.

नियम एकच

तुलना म्हणजे तिघांबद्दल तीन वेगवेगळी वाक्यं नव्हेत. "दगड कडक असतो, पाणी वाहतं, हवा दिसत नाही" ही काही तुलना झाली नाही. एक प्रश्न घ्यायचा आणि तोच्या तोच तिघांना विचारायचा. दाबलं तर काय होतं? मग स्थायूचं काय, द्रवाचं काय, वायूचं काय. ते झालं की दुसरा प्रश्न. वहीत आडव्या ओळीला एक प्रश्न, उभे तीन रकाने, आणि चौथा एक रकाना मी मुद्दाम आखायला लावते, त्याचं नाव "घोळ". नियमात जे बसत नाही ते सगळं घोळमध्ये टाकायचं. पोरं सगळ्यात जास्त त्याच रकान्यावर भांडतात.

शब्दांचं एक सांगून ठेवते, कुणी स्थायू म्हणतं कुणी घन, दोन्ही एकच. पण घन म्हटलं की पोरं घनता, घनफळ, घनमीटर यात गुंततात, म्हणून मी स्थायूच वापरते.

सामान

मेडिकलमधून बिनसुईच्या दोन सिरिंज, एक १० मिलीची आणि एक २० मिलीची, आणि त्यांना जोडायला सलाईनच्या नळीचा वीतभर तुकडा. किचनचा वजनकाटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी चालतो. मापाचा प्लास्टिकचा कप, मार्कर, एक फुगा, एक फुटबॉल आणि पंप, शाई, खोबरेल तेल, बर्फ, कापूर, खायचा सोडा, व्हिनेगर, निरांजन. रवा, साखर, मध, तेल घरात असतंच. थर्मामीटर असला तर छान, पण ताप बघायचा नको, तो उकळत्या पाण्यात गेला की गेलाच.

पहिली स्टेप: ओतून बघा

सगळ्यात सोपं इथूनच. वाटीभर पाणी ताटात ओता, मग पेल्यात ओता, मग अरुंद बाटलीत. प्रत्येक वेळी आकार बदलला पण परत मापाच्या कपात घेतलं की तेवढंच भरतं. खडू ताटात ठेवा नाहीतर पेल्यात, खडू तो खडूच. इथं पोरांना कंटाळा येतो, त्यांना हे माहितीच असतं, म्हणून लगेच रवा काढायचा.

रवा परातीत ओता आणि बाजूनं, डोळा परातीच्या काठाला लावून बघायला सांगा. ढीग होतो. पाण्याचा कधी ढीग होतो का? नाही, पाणी स्वतःहून सपाट होतं. आता एक कण चिमटीत धरा, नाहीतर साखरेचा दाणा घ्या म्हणजे नीट दिसेल. दाण्याचा आकार बदललाच नाही, दाणे फक्त एकमेकांवरून घसरले. म्हणजे प्रत्येक दाणा स्थायू आणि ओतताना दिसतं ते नुसतं दाण्यांचं घसरणं. हे वहीत घोळमध्ये गेलं पाहिजे, उत्तरासकट.

वायू ओतता येतो का, हा प्रश्न पोरं कधी विचारत नाहीत, तुम्ही विचारा. उंच जगमध्ये दोन चमचे खायचा सोडा, वर थोडं व्हिनेगर, फसफसून शांत होऊ द्या. पंखा बंद. मग जग हळूच निरांजनावर वाकवा, पातळ सोडा खाली सांडणार नाही एवढंच. काही दिसत नाही, काही पडत नाही, आणि ज्योत विझते. सोडा-व्हिनेगरमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो म्हणून तो जगमध्ये बसून राहतो आणि पाण्यासारखा ओतला जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचा एक सहावीतला म्हणाला, "काकू, तुम्ही फुंकली." मग त्यालाच करायला लावलं.

इथंच घरातल्या गॅसचं सांगून टाकते, कारण हे परीक्षेपेक्षा महत्त्वाचं आहे. घरगुती सिलिंडरमधला गॅस पण हवेपेक्षा जड असतो, दीड ते दोन पट. लीक झाला तर तो वर जात नाही, खाली फरशीलगत साचतो. म्हणून वास आला की बटण दाबायचं नाही, लाईटचंही नाही आणि एक्झॉस्टचंही नाही, रेग्युलेटर बंद करून दारंखिडक्या उघडायच्या. आणि सिलिंडरवर कसलाही प्रयोग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

दुसरी स्टेप: दाबून बघा

माझ्या मते अख्ख्या धड्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही सिरिंज आहे, वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण हे करा. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत ओढा, आत हवा. तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि दुसऱ्या हातानं दट्ट्या दाबा. ५ पर्यंत सहज जातो, जोर लावला तर ४ पर्यंत. सोडला की टुणकन परत. हवा स्प्रिंगसारखी वागते. दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं, हे रॉबर्ट बॉईलनं १६६२ मध्ये मांडलं, आणि ते तुमच्या अंगठ्याला इथं कळतं.

आता तेच पाण्यानं. सिरिंज पाण्यात बुडवून भरा, तोंड वर करून टिचक्या मारून हवेचा बुडबुडा काढून टाका, कंपाउंडर काढतात तसा. अंगठा लावा आणि दाबा. हलत नाही. पोरं लालबुंद होऊन दाबतात, तरी नाही. (अंगठा सटकला तर समोरच्याच्या तोंडावर पिचकारी, आमच्या सोफ्यावर अजून डाग आहे कारण मी हुशारी करून रंगीत पाणी घेतलं होतं.)

आणि आता मुद्दाम थोडी हवा राहू द्या, वाटाण्याएवढा बुडबुडा. दाबा आणि बुडबुड्याकडे बघा. दट्ट्या किंचित आत जातो, बुडबुडा बारीक होतो, पाणी जसंच्या तसं. सोडला की बुडबुडा फुगतो. एकाच नळीत द्रव आणि वायू शेजारी शेजारी, दोघांना एकच दाब, आणि कोण दबलं ते डोळ्यांनी दिसतंय. हे दिसलं की पुढं पाठांतराची गरजच उरत नाही.

मग दोन्ही सिरिंज नळीनं जोडा, पाणी भरून. लहान दाबली की मोठी वर जाते, जेसीबीचा हात असाच चालतो, फक्त तिथं पाण्याऐवजी तेल. आता तीच जोडणी नळीत अर्धी हवा ठेवून करा, लहानी बरीच आत जाते तेव्हा कुठं मोठी हलायला लागते, सगळं मऊ मऊ लागतं. गाडीचा ब्रेक असा मऊ लागायला लागला की गॅरेजवाला म्हणतो ना, ब्रेकमध्ये हवा धरलीय, ते हेच. हवा काढून टाकली की ब्रेक परत कडक.

स्थायूसाठी सिरिंजमध्ये एखादा काचेचा मणी नाहीतर मोठा खडा घालून दाबा, दट्ट्या टेकला की थांबला. एखादं पोरगं हमखास विचारतं, मग स्पंज कसा दबतो, तो तर स्थायू आहे. शाबास म्हणायचं आणि स्पंज पाण्यात बुडवून पिळायला लावायचा. बुडबुडे निघतात. स्पंज दबला तेव्हा त्यातली हवा बाहेर गेली, स्पंजचं स्वतःचं मटेरियल तेवढंच राहिलं. घोळ रकाना, दुसरी नोंद.

पाणी अजिबातच दबत नाही असं मात्र वहीत लिहू देऊ नका. दबतं, पण इतकं कमी की हाताला कळणं शक्य नाही, समुद्रात चार किलोमीटर खोल गेलं तरी पाण्याचं आकारमान दोन टक्केसुद्धा कमी होत नाही. "जवळजवळ दबत नाही" हे बरोबर वाक्य.

असं का, ते आता सांगायचं, आधी नाही. पाण्यात रेणू एकमेकांना चिकटून असतात, मध्ये मोकळी जागा जवळपास नाहीच, मग दाबून जायचं कुठं. वायूत प्रचंड जागा. किती, त्याचा हिशोब आठवीच्या पोरालाही जमतो: १ लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ती साधारण १६०० ते १७०० लिटर होते. रेणू तेवढेच, जागा १७०० पट. १७०० चं घनमूळ काढा, १२ च्या आसपास येतं, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर सरासरी बारा पट झालं. पाण्यात जे खांद्याला खांदा लावून उभे होते ते वाफेत लांब लांब पांगले.

तिसरी स्टेप: वजन करून बघा

कप काट्यावर ठेवून शून्य करा आणि १०० मिली पाणी घाला, १०० ग्रॅम येतं. तेवढंच शेंगदाणा तेल घाला, ९१-९२ ग्रॅम. मध घातला तर १४० च्या आसपास, पण मध महाग आहे, अर्ध्या मापात करा आणि परत बरणीत ओता.

लोखंडासाठी आमच्याकडे जुन्या तराजूचं २०० ग्रॅमचं वजन होतं. त्याचं आकारमान कसं काढायचं? कपात ते बुडेल एवढं पाणी घ्या, पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारा. वजन दोऱ्यानं हळूच सोडा, पाणी वर चढलं तिथं दुसरी रेघ. वजन बाहेर काढा, अंगाचं पाणी कपातच झटका. आता सिरिंजनं मोजून पाणी घाला, दुसऱ्या रेघेपर्यंत. आमचं २७ मिली आलं. तुमचं २५ ते २८ च्या मध्ये कुठंतरी येईल. म्हणजे २०० ग्रॅम लोखंडाला फक्त २७ मिली जागा, तेवढ्याच जागेत पाणी मावतं २७ ग्रॅम. सात-साडेसात पट. कपावरच्या छापील खुणा या कामाला फार ढोबळ असतात म्हणून हा सिरिंजचा उद्योग, पण आकडा चांगला येतो.

हवेच्या वजनाला मी दोन वर्षं चुकीचा प्रयोग करत होते. तो काडीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधायचा, एक फोडायचा, काडी झुकते म्हणून हवेला वजन आहे. आता गंमत अशी की फुगा काट्यावर ठेवला तर रिकामा आणि फुगवलेला यात काही फरकच दिसत नाही, कारण फुग्याच्या आत जेवढी हवा आहे जवळपास तेवढीच हवा बाहेरची त्यानं बाजूला सारलेली असते आणि ती त्याला वर उचलून धरते. पाण्यात पाण्यानं भरलेली पिशवी तोलण्यासारखं आहे ते. काडी झुकते ती आत थोडीशी दाबून भरलेली जास्तीची हवा असते तिच्यामुळं, आणि फोडताना रबराचा तुकडा उडाला तर सगळा निकालच खोटा.

फुटबॉलनं करा. बॉल गोल तर आहे पण बोटानं दबतोय इतपत हवा ठेवा, काट्यावर वाटी ठेवून त्यात बॉल बसवा आणि आकडा लिहा. मग पंपानं टणक होईपर्यंत भरा, परत वजन. बॉलचा आकार फारसा बदलत नाही त्यामुळं बाहेरच्या हवेची लुडबुड दोन्ही वेळा सारखीच, वाढलं ते निव्वळ आत कोंबलेल्या हवेचं वजन. आमच्याकडे ५ ग्रॅमचा फरक आला. पाच ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात.

मग आकडा मोठा करून दाखवायचा. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो. दहा बाय दहाची खोली, उंची पण दहा फूट, म्हणजे २८ घनमीटर. गुणा. ३३-३४ किलो हवा त्या खोलीत आहे, तांदळाच्या २५ किलोच्या पोत्यापेक्षा जास्त.

चौथी स्टेप: गरम करा

एकच प्रश्न: २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवलं तर १ लिटरचं किती वाढतं? लोखंड दोन मिलीपेक्षाही कमी. पाणी २० मिलीच्या आसपास. हवा १७० मिली. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की तक्त्यातलं "प्रसरण: कमी, जास्त, खूप जास्त" याला काहीतरी अर्थ येतो.

करून दाखवायचं तर, रिकाम्या बाटलीच्या तोंडाला फुगा लावून बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी धरा, फुगा मान वर काढतो. गार पाण्यात घातली की मान टाकतो. लोखंडाचं प्रसरण डोळ्यांना दिसत नाही पण लोणच्याच्या काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलं की आपण त्यावर गरम पाणी सोडतो ना, तेच ते, पत्रा काचेपेक्षा जास्त पसरतो आणि झाकण सैल होतं.

पाचवी स्टेप: खोबरेल तेल आणि बर्फ

हा माझा लाडका भाग, त्यामुळं लांबण लागणार.

खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळं साताऱ्या-पुण्याकडे थंडीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते आणि कोकणात सहसा लागत नाही. प्रयोगशाळेशिवाय स्थायूचा द्रव आणि द्रवाचा स्थायू करायला याहून सोपा पदार्थ मिळणार नाही. काचेच्या ग्लासात दोन बोटं तेल घ्या, फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजर नको, साधा कप्पा), अर्ध्या-पाऊण तासानं बघा. कडेनं पांढरं व्हायला लागलेलं असतं आणि मध्ये अजून पारदर्शक. पूर्ण गोठलं की वरच्या पृष्ठभागाकडे बघा, मधोमध खळगा पडलेला असतो. आता शेजारी बर्फाचा ट्रे ठेवा. बर्फाच्या खड्याला मध्ये खळगा नाही, उलट फुगवटा आलेला असतो.

तेल गोठताना आक्रसलं, पाणी गोठताना फुगलं. पुढची पायरी: दुसऱ्या ग्लासात पातळ खोबरेल घ्या आणि गोठलेल्या तेलाचा तुकडा त्यात टाका. बुडतो. पाण्यात बर्फ टाका, तरंगतो. पोरांना आधी अंदाज लिहायला लावा, बहुतेक जण दोन्ही तरंगणार म्हणतात कारण बर्फ आयुष्यभर बघितलेला असतो.

रवाळ तुपाची बरणी उन्हाळ्यात बघा, खाली दाणेदार थर आणि वर पातळ. तीही याचीच साक्ष. बहुतेक सगळे पदार्थ असेच, स्थायू झाले की जड होऊन खाली बसणारे. पाणी हा अपवाद, आणि नेमका अपवादच आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला. बर्फात रेणू एका ठरावीक जाळीत बसतात आणि त्या जाळीत मध्ये पोकळ जागा राहते, म्हणून १०० मिली पाण्याचा १०९ मिली बर्फ होतो. एका उन्हाळ्यात मी काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून "पटकन गार" करायला फ्रीजरमध्ये ठेवलं आणि झोपले. सकाळी बाटलीच्या आकाराचा बर्फ उभा आणि काचा मटारच्या पिशवीत. तेव्हा हा प्रयोग प्लास्टिकच्या बाटलीत, आणि वरची चार बोटं रिकामी ठेवूनच.

अजून एक, झाकणाच्या डब्यात बर्फ घालून वजन करा, वितळल्यावर परत करा. सारखंच. डबा बाहेरून पुसायला विसरू नका, त्यावर दव धरतं आणि दोन-तीन ग्रॅम वाढल्यासारखे दिसतात, मग पोरं म्हणतात बर्फ वितळून जड झाला. ते दव कुठून आलं हा पुढचा प्रश्न, हवेतल्या वाफेचं पाणी झालं, ते पण अवस्थांतरच.

सहावी स्टेप: उकळणं, वाफ आणि कापूर

वाफेबद्दल एक गैरसमज मोठ्यांचापण असतो. किटलीच्या नळीतून पांढरं पांढरं निघतं ती वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब. नळीच्या अगदी तोंडाशी बघा (लांबून, चेहरा जवळ न्यायचा नाही), पहिला सेंटीमीटरभर काहीच दिसत नाही, पांढरं त्यानंतर सुरू होतं. ती न दिसणारी जागा म्हणजे खरी वाफ.

पाणी १०० अंशांना उकळतं हे समुद्रसपाटीला. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथं ९५-९६ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं म्हणून डाळ पटकन शिजते. म्हणजे उत्कलनांक नुसत्या पदार्थावर नाही, दाबावरपण अवलंबून. हा मुद्दा तक्त्यात नसतो, घोळमध्ये लिहा.

कापराला फार काही करावं लागत नाही. एक वडी काट्यावर वजन करून, नाहीतर कागदावर तिच्याभोवती पेन्सिलनं रेघ मारून उघडी ठेवा. चार-आठ दिवसांत बारीक होत जाते, कागद कोरडाच. स्थायूचा सरळ वायू, मधला द्रवाचा टप्पाच नाही, याला संप्लवन म्हणतात. आजी कापराच्या डबीत मिरे टाकायची, कापूर उडत नाही म्हणायची. मला वाटतं निम्मं श्रेय डबीच्या घट्ट झाकणाचं होतं, पण आजीला हे बोलायची माझी टाप नव्हती.

सातवी स्टेप: पसरणं आणि वाहणं, हे भरभर

एका ग्लासात गरम, एकात गार पाणी, दोन्हीत एकाच वेळी शाईचा एक एक थेंब, ढवळायचं नाही. गरम पाण्यात भराभर पसरते, गारात दोऱ्यासारखी लोंबत राहते. वायूसाठी खोलीच्या कोपऱ्यात अत्तराचा बोळा ठेवून कोणाला कधी वास आला ते लिहा. खरं तर खोलीत हवा हलतच असते आणि वास जास्त करून तिच्याबरोबर येतो, नुसतं विसरण, म्हणजे रेणूंचं आपलं आपण पसरणं, बरंच हळू असतं, म्हणून निदान पंखा तरी बंद ठेवा. स्थायूसाठी दोन रंगीत खडू एकमेकांना बांधून महिनाभर ठेवा, काही होत नाही, आणि काही झालं नाही हेसुद्धा लिहायचं.

वाहण्यासाठी ताट तिरकं धरा आणि पाणी, तेल, काकवी यांची शर्यत लावा. काकवी हरते. तीच काकवी वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बऱ्यापैकी पळते. गुऱ्हाळावर गरम रस पाण्यासारखा वाफ्यात (गूळ गार करायच्या सपाट हौदात) ओततात आणि गार होता होता तो ढेपेइतका घट्ट होतो, कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या पोरांनी हे बघितलेलं असतं.

शेवटी तक्ता

आता वही उघडा आणि प्रश्न विचारा, आकार, आकारमान, दाबणं, वजन, तापवणं, पसरणं, वाहणं. पोरं स्वतः बोलतात. "निश्चित आकारमान" हा शब्द तुम्ही द्या, पण त्याच्यापुढं "सिरिंजमध्ये हललं नाही" हे त्यांच्या शब्दांत कंसात लिहू द्या, परीक्षेत तो कंसच आठवतो.

वेळ उरला तर कॉर्नफ्लोरची मजा करा. दोन वाट्या कॉर्नफ्लोरला साधारण एक वाटी पाणी, थोडं थोडं घालत. हळूच बोट घाला, बुडतं. बुक्की मारा, दगडासारखं लागतं. मुठीत दाबून गोळा करा, मूठ उघडली की बोटांतून गळून जातं. स्थायू का द्रव? आमच्याकडे यावर पाऊण तास भांडण झालं आणि शेवटी घोळ रकान्यात लिहिलं: "कसं हात लावता त्यावर आहे." टूथपेस्ट आणि कणीक पण त्याच पानावर गेली.

आणि ते कॉर्नफ्लोर सिंकमध्ये ओतू नका, खाली बसून पाइप तुंबतो. पेपरवर पसरून दिवसभर वाळवा आणि सुक्या कचऱ्यासारखं झटकून टाका, परात मग नुसत्या ओल्या फडक्यानं निघते.